जठराची प्रगत एंडोस्कोपिक तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) गेल्या वर्षी झाली आणि रिपोर्ट नॉर्मल आला. आता डॉक्टर ‘एनबीआयने पुन्हा पाहू’ म्हणतात. त्यात वेगळे काय असते?

नळी तीच असते आणि मार्गही तोच: तोंडातून अन्ननलिका, तिथून जठर आणि पुढे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. फरक असतो तो जठराच्या आतल्या अस्तराकडे पाहण्याच्या रीतीत. नेहमीच्या तपासणीत हे अस्तर पांढऱ्या प्रकाशात पाहिले जाते. प्रगत तपासणीत त्याच अस्तरावर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकून (एनबीआय हे असेच एक तंत्र), प्रतिमा कित्येक पटींनी मोठी करून किंवा वर रंग फवारून पृष्ठभागाची नक्षी आणि तिच्यातील केशवाहिन्यांचे जाळे तपासले जाते.

नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘त्या दिवशी, त्या प्रकाशात, तेवढ्या वेळात वावगे काही दिसले नाही’ एवढाच घ्यावा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार अन्ननलिका आणि जठराच्या दर शंभर कर्करोगांपैकी सुमारे अकरा कर्करोग निदानाच्या आधीच्या तीन वर्षांत झालेल्या एंडोस्कोपीत नजरेतून सुटलेले होते. हा आकडा घाबरवण्यासाठी दिलेला नाही. तक्रार कायम असेल किंवा जोखीम अधिक असेल, तर डॉक्टर पुन्हा पाहू का म्हणतात, हे त्यावरून समजते.

साध्या प्रकाशात डॉक्टरांना नेमके काय दिसत नाही?

मोठा अल्सर, रक्तस्राव, वर आलेली गाठ, अन्न पुढे जाण्याच्या वाटेतील अडथळा हे सारे पांढऱ्या प्रकाशात व्यवस्थित दिसते, आणि बहुसंख्य रुग्णांचे काम तिथेच भागते. अडचण असते ती अगदी सुरुवातीच्या कर्करोगाची आणि त्याच्या आधीच्या बदलांची. जपानी तज्ज्ञांनी १९६२ मध्येच ‘आरंभीचा जठर-कर्करोग’ ही संज्ञा निश्चित केली: रोग अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरापर्यंत मर्यादित असलेला कर्करोग. असा रोग कित्येकदा गाठीसारखा नसतोच. अस्तरावर नखाएवढा फिकट किंवा किंचित लालसर डाग, कडेशी हलकासा खोलगटपणा, एवढेच त्याचे रूप असते. आजूबाजूचे अस्तर आधीच जुनाट सुजेमुळे लाल आणि खडबडीत झालेले असेल, तर तो डाग त्या गर्दीत सहज मिसळून जातो.

एनबीआय म्हणजे काय? निळ्या-हिरव्या प्रकाशाने असे काय साधते?

एनबीआय म्हणजे नॅरो बँड इमेजिंग. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग मिसळलेले असतात. एनबीआयमध्ये त्यांपैकी दोनच अरुंद पट्टे वापरले जातात: ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा. ही निवड सहज केलेली नाही. रक्तातील हिमोग्लोबिन नेमक्या याच दोन पट्ट्यांतील प्रकाश जोरात शोषून घेते, त्यामुळे जिथे रक्त आहे तिथे प्रतिमा गडद होते आणि बाकीचा भाग उजळ राहतो. शिवाय निळा प्रकाश अस्तरात फार खोल शिरत नाही. त्यामुळे वरवरच्या केशवाहिन्या तपकिरी दिसतात, तर थोड्या खोलवरच्या शिरा निळसर-हिरव्या दिसतात.

प्रत्यक्ष तपासणीत हे एका बटणावर होते. गुलाबी दिसणारे जठर क्षणात फिकट हिरवट-तपकिरी होते आणि मघापर्यंत गुळगुळीत भासणाऱ्या अस्तरावर बारीक नक्षी उमटते. जठराच्या खालच्या भागात ही नक्षी वळणावळणाच्या लहान उंचवट्यांची असते, तर वरच्या मुख्य भागात सूक्ष्म गोल छिद्रे आणि त्यांच्याभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखे केशवाहिन्यांचे जाळे असते. निरोगी अस्तरात ही नक्षी सगळीकडे सारखी असते. ती एखाद्या ठिकाणी अचानक तुटते, तिथे स्पष्ट सीमारेषा दिसते आणि रेषेच्या आतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या, कमी-अधिक जाडीच्या झालेल्या असतात, तेव्हा संशय बळावतो.

नळीच्या टोकाशी झूमची सोय असेल, तर हीच नक्षी ऐंशी ते शंभर पट मोठी करून पाहता येते. निश्चित सीमारेषा असणे आणि त्या रेषेच्या आत वाहिन्या किंवा पृष्ठभागाची नक्षी अनियमित असणे, या दोन खुणांवर २०१६ मध्ये जपानी संस्थांनी आरंभीच्या जठर-कर्करोगाच्या निदानाची एक सोपी पायरीबद्ध पद्धत मांडली. सीमारेषाच नसेल, तर तो डाग बहुधा कर्करोगाचा नसतो, आणि या एका निकषामुळे तपासणीसाठी अस्तराचे अनावश्यक तुकडे काढणे (बायोप्सी) बरेच कमी होते.

बीएलआय, एलसीआय, आय-स्कॅन अशी नावे जाहिरातींत दिसतात. यांपैकी चांगले कोणते?

एनबीआय हे ऑलिंपस कंपनीचे तंत्र आहे, बीएलआय आणि एलसीआय फुजीफिल्मची, आणि आय-स्कॅन पेंटॅक्सचे. बीएलआयही निळ्या प्रकाशावर चालते आणि केशवाहिन्या दाखवते. एलसीआयचे काम वेगळे आहे. ते रंगांतील फरक वाढवते, म्हणजे लाल भाग अधिक लाल आणि फिकट भाग अधिक फिकट दिसतो. त्यामुळे लांबून, संपूर्ण जठरावर नजर फिरवताना ते उपयोगी पडते. आय-स्कॅनमध्ये प्रकाश बदलण्याऐवजी प्रतिमेवर संगणकीय प्रक्रिया करण्यावर भर असतो.

रुग्णाने या नावांवरून रुग्णालय निवडण्यात फारसा अर्थ नाही. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, जठर नीट धुतले गेले आहे का आणि पाहणाऱ्याचा डोळा त्या प्रतिमांना सरावला आहे का, यावर निकाल अवलंबून असतो. फेसाखाली दडलेला डाग सर्वात महाग यंत्रालाही दिसत नाही.

रंग फवारून केलेली तपासणी आता जुनी झाली का?

नाही. इंडिगो कार्मिन हा निळा रंग पेशींत शोषला जात नाही. तो अस्तराच्या खाचाखोचांत साचतो, पावसाचे पाणी शेताच्या सऱ्यांत साचावे तसा, आणि उंचसखलपणा उठून दिसतो. गाठीची किंवा डागाची हद्द ठरवायला तो आजही वापरला जातो, विशेषतः एंडोस्कोपीनेच तो भाग कापून काढायचा असेल तेव्हा. मिथिलीन ब्लूची तऱ्हा निराळी आहे. जठरात जिथे आतड्यासारख्या पेशी तयार झाल्या आहेत, तिथे तो शोषला जातो. पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचेच मूळ द्रव्य, फवारले की अस्तर काही काळ पांढुरके होते आणि नक्षी ठळक दिसते. रोगग्रस्त भागावरची ही पांढुरकी छटा लवकर उतरते आणि तेवढा भाग भोवतालच्या पांढऱ्यातून लालसर उठून दिसतो.

हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग नुसता पाहून ओळखता येतो का?

पुष्कळ वेळा अंदाज बांधता येतो, पण उपचार सुरू करण्यापूर्वी चाचणीने खात्री करावी लागते. जठरातील सूज आणि अल्सर यांच्याशी या जिवाणूचा संबंध ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवला आणि त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला निश्चित कर्करोगकारक ठरवले. भारतात तो अतिशय सर्रास आढळतो, आणि ज्यांना तो आहे त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, हेही इथेच सांगायला हवे.

संसर्ग नसलेल्या जठराची एक सुंदर खूण आहे. जठराच्या मुख्य भागाच्या अस्तराजवळ नळी नेली की सारख्या अंतरावर पसरलेले असंख्य लाल ठिपके दिसतात, आणि आणखी जवळ गेले की प्रत्येक ठिपका लहानशा तारामाशासारखा दिसू लागतो. या रक्त गोळा करणाऱ्या सूक्ष्म शिरा असतात. त्यांची ही शिस्तबद्ध मांडणी शाबूत असेल, तर संसर्ग नसण्याची शक्यता फार मोठी असते. संसर्ग झाला की सुजेत हे ठिपके दिसेनासे होतात, अस्तर पसरट लाल दिसते, घड्या जाड होतात आणि चिकट पांढरा स्राव जमतो.

रिपोर्टमध्ये ‘ॲट्रोफी’ आणि ‘इंटेस्टिनल मेटाप्लेझिया’ लिहिले आहे. म्हणजे मला कर्करोग झाला आहे का?

नाही. हा प्रश्न सर्वाधिक काळजीने विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

जठराचा जो कर्करोग अधिक प्रमाणात आढळतो, तो एका रात्रीत होत नाही. पेलायो कोरिया या रोगनिदानतज्ज्ञांनी त्याच्या पायऱ्या मांडल्या. आधी जुनाट सूज, मग आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजून अस्तर पातळ होणे म्हणजे ॲट्रोफी, मग त्या जागी आतड्यासारख्या पेशी येणे म्हणजे इंटेस्टिनल मेटाप्लेझिया, त्यापुढे पेशींची रचना बिघडणे म्हणजे डिस्प्लेझिया, आणि शेवटी कर्करोग. या वाटेला बहुधा कित्येक वर्षे किंवा दशके लागतात आणि बहुसंख्य लोक शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत. नेदरलँड्समधील मोठ्या नोंदींवर आधारलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोग होण्याचे वार्षिक प्रमाण ॲट्रोफी असलेल्यांत हजारी सुमारे एक, मेटाप्लेझिया असलेल्यांत हजारी दोन ते तीन, सौम्य ते मध्यम डिस्प्लेझियात हजारी सहा, तर तीव्र डिस्प्लेझियात हजारी साठ होते. शेवटच्या दोन आकड्यांमधली झेप पाहिली, की डॉक्टर ‘डिस्प्लेझिया’ या शब्दाला इतके का जपतात ते लक्षात येते.

प्रगत प्रतिमांचा खरा उपयोग याच टप्प्यावर होतो. पांढऱ्या प्रकाशात मेटाप्लेझिया बऱ्याचदा दिसतच नाही. एनबीआयखाली मात्र नक्षीच्या उंचवट्यांच्या कडांवर फिकट निळ्या रंगाची बारीक झळाळी दिसते, जणू काठावर चुन्याची रेघ ओढावी तशी; आणि एलसीआयमध्ये तोच भाग जांभळट दिसतो. त्यावरून बदल जठराच्या खालच्या भागापुरताच आहे की वरपर्यंत पसरला आहे, हे ठरवता येते. पुढची देखरेख या पसाऱ्यावर अवलंबून असते. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार खालच्या भागापुरती सौम्य ते मध्यम ॲट्रोफी असेल आणि मेटाप्लेझिया नसेल, तर नियमित एंडोस्कोपीची गरज नसते. दोन्ही भागांत पसरलेला बदल असेल तर दर तीन वर्षांनी, आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झालेला असेल तर एक ते दोन वर्षांनी तपासणी सुचवली जाते. हेलिकोबॅक्टर असल्यास त्याचा उपचार मात्र प्रत्येक टप्प्यावर करायचाच असतो.

प्रतिमा एवढी स्पष्ट दिसते, तर मग तुकडा कशाला काढायचा?

प्रतिमा जागा दाखवते. निदानावर शिक्कामोर्तब सूक्ष्मदर्शकाखालीच होते. पूर्वी संशय नसतानाही ठिकठिकाणचे तुकडे घेतले जात. आता दिसणाऱ्या डागातून नेमका तुकडा घेता येतो, त्यामुळे कमी तुकड्यांत अधिक भरवशाचे उत्तर मिळते. मात्र सूज आणि मेटाप्लेझियाचा पसारा मोजायचा असेल, तर ठरलेल्या जागांवरून तुकडे घेण्याची सिडनी पद्धत अजून सोडलेली नाही. तीत जठराच्या खालच्या भागातून दोन, मधल्या कोनातून एक आणि मुख्य भागातून दोन असे पाच तुकडे घेतात. खालचे आणि वरचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवले आहेत ना, हे विचारायला हरकत नाही. सगळे एकाच बाटलीत टाकले तर बदल कुठला, हेच कळत नाही.

तुकडा काढताना दुखत नाही, कारण अस्तराला तशी वेदनेची जाणीव नसते. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. जठराच्या तुकड्याबाबत ती बाळगण्याचे कारण नाही.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड केव्हा लागते?

वर सांगितलेल्या सर्व पद्धती अस्तराचा पृष्ठभाग दाखवतात. गाठ अस्तराखाली असेल, तर त्यांचा इलाज चालत नाही. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये नळीच्या टोकाशी सोनोग्राफीचे यंत्र असते आणि जठराची भिंत पाच थरांत दिसते. तिसऱ्या थरातील पांढरी, चमकणारी गाठ बहुधा चरबीची आणि निरुपद्रवी असते. चौथ्या म्हणजे स्नायूंच्या थरातून निघालेली काळपट गाठ जीआयएसटी (जठर-आतड्याच्या भिंतीत वाढणारी, पुढे घातक ठरू शकणारी गाठ) प्रकारची असू शकते आणि तिच्यावर लक्ष ठेवावे लागते.

आणखी एका प्रसंगी ही तपासणी मोलाची ठरते. एका प्रकारचा कर्करोग अस्तराखालून पसरतो. वरचे अस्तर जवळजवळ ठीक दिसते, वरवरचे तुकडेही निर्दोष येतात, पण हवा भरली तरी जठर फुगत नाही, घड्या ताठ राहतात. अशा वेळी एनबीआयच्या सुंदर प्रतिमेवर विसंबून राहणे धोक्याचे असते. भिंतीची जाडी मोजावी लागते आणि खोलवरचे तुकडे घ्यावे लागतात.

मला फक्त पित्त आणि गॅसेसचा त्रास आहे. मीही ही तपासणी करून घ्यावी का?

बहुधा गरज नाही. तरुण वयात अधूनमधून होणारी जळजळ, जेवणानंतरचे जडपण किंवा आंबट ढेकर यांसाठी साधी एंडोस्कोपीही प्रत्येकाला लागत नाही. वजन आपोआप घटणे, गिळताना अडकणे, वारंवार उलट्या, काळी डांबरासारखी शौच, कारण न सापडणारा रक्तक्षय, पोटात लागणारी गाठ किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेली तक्रार, यांपैकी काही असेल तर मात्र टाळू नये. प्रगत प्रतिमांचा विचार प्रामुख्याने घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्यांसाठी, आधी ॲट्रोफी किंवा मेटाप्लेझिया आढळलेल्यांसाठी, पर्निशस ॲनिमियाच्या (बी-१२ जीवनसत्त्व शोषले न गेल्याने होणाऱ्या रक्तक्षयाच्या) रुग्णांसाठी आणि ज्यांचा आरंभीचा कर्करोग एंडोस्कोपीने काढला आहे त्यांच्यासाठी केला जातो.

जपानमध्ये पन्नाशीनंतर आणि दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी एंडोस्कोपीची सोय राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात आहे, कारण तिथे हा कर्करोग फार आढळतो. भारतात असा कार्यक्रम नाही. आपल्याकडे ईशान्येत, त्यातही मिझोरममध्ये, हा रोग लक्षणीय आहे. महाराष्ट्रात त्याचे प्रमाण तुलनेने कमी आहे. म्हणून जपानचे वेळापत्रक उचलून इथे सरसकट लावण्यात हशील नाही.

तपासणीच्या आधी काय काळजी घ्यावी?

साधारणपणे सहा तास घन अन्न आणि दोन तास पाणीही बंद ठेवायचे असते. सकाळची तपासणी असेल तर चहाचा घोटही नको, कारण दूध अन्नातच मोजले जाते. तपासणीच्या थोडे आधी फेस मारणारे सिमेथिकोन आणि चिकट स्राव सैल करणारे ॲसिटिलसिस्टीन पाण्यातून प्यायला देतात. ते चवीला वाईट असते, पण टाळू नये.

हेलिकोबॅक्टरची चाचणी करायची असेल, तर पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधी थांबवावी लागतात. नाहीतर संसर्ग असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते. ‘ती तर रोजची पित्ताची गोळी आहे’ म्हणून रुग्ण ती औषधांत सांगतच नाहीत, असे वारंवार घडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. साध्या तुकड्यासाठी ॲस्पिरिन सहसा चालू ठेवतात आणि बाकीच्यांचा निर्णय डॉक्टर घेतात. मधुमेहासाठी किंवा वजनासाठी सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन चालू असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण त्याने जठर उशिरा रिकामे होते.

वेळ किती लागतो? भूल घ्यावी लागते का?

साध्या तपासणीतही नळी आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत किमान सात मिनिटे द्यावीत, अशी युरोपीय शिफारस आहे. झूम करून पाहायचे असेल तर अर्थातच अधिक. घसा बधिर करणाऱ्या फवाऱ्यावर बरेच जण तपासणी सहन करतात. लांबणाऱ्या तपासणीत मात्र गुंगीचे इंजेक्शन घेतलेले बरे, कारण रुग्ण ओकाऱ्या काढत असेल तर जठर सतत आक्रसते आणि शंभर पट मोठी केलेली प्रतिमा स्थिर राहत नाही. गुंगी घेतल्यास सोबत कोणी हवे आणि त्या दिवशी गाडी चालवू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आता निदान आपोआप होते का?

आपोआप नाही, पण मदत होते. सध्या ती दोन कामे करते: संशयास्पद जागेभोवती पडद्यावर चौकट दाखवणे, आणि जठराचा कोणता भाग पाहायचा राहिला याची आठवण करून देणे. दुसरे काम दिसायला साधे असले तरी मला ते अधिक मोलाचे वाटते. चीनमधील वुहानच्या एका चाचणीत अशा प्रणालीमुळे न पाहिलेल्या जागांचे प्रमाण सुमारे साडेबावीस टक्क्यांवरून सहा टक्क्यांच्या आत आले. फेस, रक्त किंवा साधी सूज पाहून चौकट उगाच उमटण्याचे प्रकारही होतात, म्हणून शेवटचा शब्द डॉक्टरांचाच असतो.

गिळायच्या कॅप्सूलने हे सगळे होत नाही का?

कॅप्सूल मुख्यतः लहान आतड्यासाठी आहे. जठर प्रशस्त असते, त्यात कॅप्सूल कुठेही वळते. तिने अस्तर धुता येत नाही आणि तुकडाही घेता येत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर त्यात काय पाहावे?

कोणत्या प्रकाशात पाहिले, जठर स्वच्छ होते का, डाग असल्यास त्याची जागा आणि आकार मिलिमीटरमध्ये, तुकडे कुठून किती घेतले, आणि सोबत छायाचित्रे आहेत का, हे पाहावे. ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ (जठराच्या खालच्या भागाची सूज) एवढे दोनच शब्द आणि दोन धूसर फोटो असतील, तर डॉक्टरांना नम्रपणे तपशील विचारावा. छायाचित्रे आणि तुकड्याचा अहवाल एकाच फाइलमध्ये जपून ठेवावेत. तीन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासले, तर त्यांना आधीच्या डागाची नेमकी जागा त्या फोटोंवरूनच कळणार असते.